लंबक का थांबला?

बालमित्रांनो, ओसरीवरचे लंबकाचे जुने घड्याळ बंद पडले, की घरची माणसे म्हणतात, "यंत्रच गेलं! द्या भंगारात." आपल्या जालन्यात भंगार वितळवून पोलाद करणारे कारखाने आहेत. पण घड्याळ देण्याआधी एक वस्तू जरूर पाहा.

लंबक एका पोलादी पट्टीला टांगलेला असतो. ही पट्टी कागदासारखी पातळ असते. प्रत्येक झोक्याला ती किंचित वाकते नि पुन्हा सरळ होते. लंबक न काढताच घड्याळ हलवले, तर तिला मुरड पडते किंवा ती तुटते. मग लंबक डगमगतो आणि थांबतो. यंत्र मात्र पुष्कळदा ठणठणीत असते!

घड्याळजी आधी लंबक काढतात, मग खाचेतली जुनी पट्टी सोडवतात. तेवढ्याच लांबी-रुंदीची नि जाडीची नवी पट्टी बसवतात. जाड पट्टी चालत नाही. तिने वेळ चुकते. तुम्ही शेजारी बसून बघा, पण आत बोट घालू नका. किल्ली दिलेल्या कमानीत फार जोर असतो.

घड्याळ पुन्हा टांगल्यावर कान द्या. 'टिक्' आणि 'टक्' यांत सारखेच अंतर हवे. नसेल, तर घड्याळ तिरपे आहे. वेळ मागे पडत असेल, तर लंबकाची चकती थोडी वर घ्यावी. लंबक आखूड, तर झोका लवकर.

हॉलंडच्या हायगेन्स यांनी १६५६ साली लंबकाचे घड्याळ तयार केले. तुम्हीही २५ सेंटिमीटर दोरीला खडा बांधून झुलवा. त्याला जाऊन-येऊन सुमारे एक सेकंद लागेल. मोजून पाहा बरं!