फेअरबँक्स हाऊस : एका फळीबंद घराचे स्थापत्य आणि मालकीचा इतिहास

प्रस्तावना :

वास्तूचा इतिहास म्हटला की किल्ले, मंदिरे व राजवाडे यांचाच विचार प्रामुख्याने होतो. सामान्य कुटुंबाचे राहते घर हेदेखील इतिहासाचे साधन असते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टन शहराच्या नैऋत्येस असलेल्या डेडहॅम या गावातील फेअरबँक्स हाऊस हे अशा साधनाचे उत्तम उदाहरण होय. उत्तर अमेरिकेत आजही उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांपैकी, शास्त्रीय कसोटीने काळ निश्चित झालेले हे सर्वांत जुने घर मानले जाते. प्रस्तुत लेखात या घराची रचना, त्याची कालनिश्चिती आणि मालकीची परंपरा यांचा परामर्श घेऊन, आपल्या परिसरातील जुन्या घरांच्या अभ्यासासाठी त्यातून काय घेता येईल याचा विचार केला आहे.

घराची रचना :

जोनाथन फेअरबँक्स हा इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातून १६३३ च्या सुमारास सहकुटुंब अमेरिकेत आला व पुढे डेडहॅमच्या आरंभीच्या वसाहतकारांपैकी एक झाला. त्याने बांधलेल्या घराचा सांगाडा ओक लाकडाचा आहे. एका तुळईच्या टोकाला कोरलेली कूस दुसऱ्या लाकडातील खाचेत बसवायची आणि लाकडी खुंटीने सांधा पक्का करायचा, ही इंग्लंडमधील सुतारांची परंपरागत पद्धत येथे आढळते. मधोमध विटांचे भव्य धुराडे, त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक खोली, वरच्या मजल्यावर तशाच दोन खोल्या आणि धुराड्यासमोर लहानसा प्रवेशकक्ष, असा मूळ आराखडा होता. एकाच धुराड्यामुळे दोन्ही बाजूंच्या खोल्यांना ऊब मिळे. पुढील काळात मागील बाजूस आपल्याकडील पडवीसारखा उतरत्या छपराचा भाग जोडला गेला. दोन्ही टोकांना दुमडीच्या छपराचे, म्हणजे वरचा उतार मंद व खालचा तीव्र असलेले, उपभागही बांधले गेले.

भिंतींचे बाह्य आवरण क्लॅपबोर्डचे आहे. क्लॅपबोर्ड म्हणजे एका कडेला जाड व दुसऱ्या कडेला पातळ असलेली आडवी फळी. वरच्या फळीची जाड कड खालच्या फळीच्या पातळ कडेवर येईल अशा रीतीने या फळ्या ठोकल्या जातात, त्यामुळे पावसाचे व वितळत्या बर्फाचे पाणी भिंतीत न शिरता ओघळून जाते. प्रारंभीच्या काळात या फळ्या करवतीने न कापता ओंडक्याच्या गाभ्यापासून सालीच्या दिशेने चिरफळून काढीत. अशी फळी लाकडाच्या रेषेनुसार फुटत असल्याने कमी वाकते व पाणी कमी शोषते. इंग्लंडमध्ये पुष्कळ घरांत सांगाड्यामधील भराव उघडाच ठेवला जाई. न्यू इंग्लंडमधील कडक हिवाळ्यात तो टिकेना. जंगल मात्र विपुल होते. हवामानाची निकड आणि सामग्रीची उपलब्धता या दोन्ही कारणांनी तेथे फळीबंद घर रूढ झाले.

कालनिश्चिती :

परंपरेने या घराचे बांधकामवर्ष १६३६ सांगितले जात असे. वृक्षवलयांच्या आधारे झालेल्या तपासणीत मात्र त्याची लाकडे १६३७ ते १६४१ या काळात तोडली गेल्याचे दिसून आले. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय तयार होते व त्याची रुंदी त्या वर्षीच्या हवामानानुसार कमीअधिक असते. तुळईतील वलयांचा क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवला असता झाड तोडल्याचे वर्ष कळते. त्या काळी ओक लाकूड ओले असतानाच घडवीत, त्यामुळे तोडणीचे वर्ष व बांधकामाचे वर्ष यांत फारसे अंतर राहत नाही.

मालकीची परंपरा :

जोनाथन १६६८ मध्ये मृत्यू पावला. त्यानंतर हे घर त्याच्याच वंशात राहिले आणि एकूण आठ पिढ्यांनी तेथे वास्तव्य केले. अखेरची रहिवासी रेबेका फेअरबँक्स ही होय. आर्थिक अडचणीमुळे १८९० च्या दशकात तिला घराची मालकी सोडावी लागली, तरी तिचे वास्तव्य तेथेच राहिले. घर पाडले जाण्याची भीती निर्माण झाली असता १८९७ मध्ये श्रीमती जे. अॅमोरी कॉडमन व त्यांची कन्या मार्था यांनी ते विकत घेतले. पुढे वंशजांनी स्थापन केलेल्या कुटुंबसंस्थेकडे १९०४ मध्ये त्याची मालकी आली व घराचे संग्रहालयात रूपांतर झाले. १९६० मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. नळ, वीज वा आधुनिक उष्णता-व्यवस्था या घरात आणली गेली नाही, म्हणूनच त्याचे मूळ रूप टिकले. म्हणजे ज्या साधेपणाने घर राखले, त्याच आर्थिक दुर्बलतेने ते गमावण्याची वेळ आणली. घराची मालकी वंशजांच्या कुटुंबसंस्थेकडे आली, हा या इतिहासातील निर्णायक टप्पा ठरतो.

समारोप :

महाराष्ट्रातील अनेक वाडे आज नेमक्या याच टप्प्यावर उभे आहेत. वारसदार वाढतात, प्रत्येकाचा हिस्सा लहान होतो आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. महाविद्यालयांना येथे उपयुक्त कार्य करता येईल. मिळकत पत्रिका, खरेदीखते, वाटणीपत्रे व मोडी कागदपत्रे यांतून मालकीचा क्रम लावता येतो, तर खणांची मोजणी व सांध्यांच्या नोंदी यांतून रचनेचा. सागाच्या वलयांवरून पूर्वीच्या पर्जन्यमानाचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत झालेला आहे. त्यामुळे सागाच्या तुळयांची कालनिश्चिती हाही विचारात घेण्याजोगा विषय आहे. मात्र आपल्याकडे जुन्या वाड्याचे लाकूड नव्या बांधकामात वापरण्याची प्रथा असल्याने, लाकडाचे वय तेच घराचे वय असे गृहीत धरता येणार नाही. कागद आणि लाकूड या दोन्ही साक्षी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतील, आणि वाडे उभे आहेत तोवरच हे शक्य आहे.