प्लास्टर निघालं, हाडाचं काय?

न्हाणीच्या उंबऱ्याशी आईचा पाय घसरला आणि तिनं हात टेकला. एवढ्यानं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हात पोळ्या लाटू लागला आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. दोन वर्षांनी तिच्या साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळायला लागल्या. फडताळातला वरचा डबा हाताला येईना. ‘वय झालं, पाठ वाकायचीच,’ असं आम्ही म्हटलं. पुढे एक्स-रे काढला, तेव्हा पाठीचे दोन मणके पुढच्या बाजूनं चेपलेले दिसले.

उभ्या उभ्या पडल्यानं निरोगी हाड सहसा मोडत नाही. मोडलं, तर पडण्याइतकाच हाडाचाही विचार करायला हवा. ते मनगट आम्हाला आगाऊ सूचना देत होतं.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी नव्यानं घडतो. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खरवडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी तो खड्डा भरतात. तिशीपर्यंत हाडांची जमा वाढते, मग हळूहळू खर्च सुरू होतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक खरवडणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी थांबली की ते घटतं आणि पुढची काही वर्षं हाड झपाट्यानं झिजतं. हा संबंध अमेरिकी डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये मांडला. मणक्याच्या आत हाडाची बारीक जाळी असते. तिच्या काड्या आधी पातळ होतात, मग तुटतात. तुटलेली काडी पुन्हा सांधणं कठीण असतं, म्हणून उपचाराला उशीर परवडत नाही. पुरुषही यातून सुटत नाहीत. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर विशेष जपायला हवं.

निदानासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करतात. ती दुखत नाही आणि काही मिनिटांत होते. अहवालातला टी-स्कोअर तरुण, निरोगी हाडाशी केलेली तुलना सांगतो. उणे २.५ किंवा त्याहून खाली आकडा गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. मात्र किरकोळ पडण्यानं खुब्याचं हाड मोडलं किंवा मणका चेपला, तर आकडा बरा दिसला तरी आजार धरून चालावं लागतं.

आपल्याकडे बहुतेक घरांत उपचार कॅल्शियमच्या गोळीपाशी थांबतो. दूध, नाचणी, तीळ हवेतच, ‘ड’ जीवनसत्त्वही हवं. पण ही झाली वीट आणि वाळू. खरवडणाऱ्या पेशींना रोखायला ॲलेंड्रोनेटसारखी औषधं लागतात. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं आणि ते आपल्या मनानं बंद करणं धोक्याचं असतं, कारण त्यानंतर मणके पटापट चेपू शकतात. हाड फारच खालावलं असेल, तर नवं हाड घडवणारं टेरिपॅराटाइड रोज टोचून घेतात. खरवडणाऱ्या पेशींना रोखणाऱ्या औषधांनी जबड्याला किंवा मांडीच्या हाडाला इजा झाल्याचं क्वचित आढळतं, म्हणून दात काढण्याआधी डॉक्टरांना औषधाची कल्पना द्यावी. पण त्या भीतीनं उपचारच टाळले, तर खुबा मोडण्याचा मोठा धोका पत्करावा लागतो.

हाडाला भारही हवा. चालणं, जिना चढणं, झेपेल तेवढं वजन उचलणं यांनी ते टिकतं. न्हाणीत धरायला दांडी आणि रात्री वाटेत दिवा हाही उपचारच.

आता दर रविवारी आई उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर हाडाची झीज रोखणारी गोळी घेते. गोळी अन्ननलिकेत अडकून जखम होऊ नये, म्हणून अर्धा तास ताठ बसते; आडवी होत नाही. तोवर चहा थांबतो, आणि आम्हीही तिच्यासोबत थांबतो. मनगटाचं प्लास्टर निघालं, त्याच आठवड्यात हा अर्धा तास सुरू व्हायला हवा होता. तुमच्या घरात कुणाचं मनगट नुकतंच जुळून आलं असेल, तर ती वेळ अजून तुमच्या हातात आहे.