रव्याचं वजन, कपाचं माप

संपादकांनी पाठवलं होतं पाऊच भरणाऱ्या यंत्रांवर लिहायला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. इतिहास एवढाच पुरे, कारण तिथल्या एका गाळ्यात मी अडकून पडलो तो यंत्राच्या डोक्यावर फिरणाऱ्या चार कपांपाशी.

रवा, साखर, जिरं असा सुटा माल हॉपरमधून, म्हणजे वरच्या नरसाळ्यातून, गोल तबकडीवर उतरतो. तबकडी फिरते, कप भरतो, ब्रश वरचा ढीग सपाट करतो. पुढे कपाखालचं झाकण उघडतं आणि माल थेट पाऊचमध्ये पडतो. कप दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा: वरचा तुकडा या तबकडीला, खालचा तिच्या खालच्या दुसऱ्या तबकडीला जोडलेला. चाक फिरवून खालची तबकडी वर घेतली की कप उथळ होतो, खाली सोडली की खोल.

म्हणजे यंत्र मोजतं आकारमान आणि पाकिटावर छापलेलं असतं वजन. पायली-मापट्यानं धान्य मोजायचे तेव्हा शीग लावायची की हात फिरवून सपाट करायचं, हा प्रश्न होताच. पिस्तुलाची काडतुसं घरी भरणारे अमेरिकेतले हौशी नेमबाजही याच तत्त्वावरचं छोटं यंत्र वापरतात. त्यात कपाऐवजी फिरता दंडगोल असतो आणि स्क्रूनं लहानमोठी होणारी पोकळी. दारू लागते ग्रॅमच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणून ते ती काट्यावर ताडून पाहतात. वागळे इस्टेटमध्ये चूक झाली तर माल जातो, तिथे हातातलं पिस्तूल फुटू शकतं.

गाळ्यातले ऑपरेटर डोंबिवलीहून येतात. त्यांची सकाळ पाहण्यासारखी असते. पहिले काही पाऊच ते फोडून पुन्हा हॉपरमध्ये ओततात. मग चारही कपांचं वजन वेगवेगळं घेतात. सगळे सारखेच हलके निघाले तर चाक फिरवायचं. एकच कप हलका असेल तर चाकाला हात लावायचा नाही, तो कप काढून पाहायचा. हॉपर ते कधी काठोकाठ भरू देत नाहीत, कारण वरच्या मालाच्या भारानं खालचा दाबला जातो आणि वजन वाढतं. हे सगळं ते न बोलता करतात. त्यांच्याइतकं लक्ष देऊन काम करणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

१०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये कायदा ४.५ ग्रॅमपर्यंतची तूट सोसतो, पण नमुन्यांची सरासरी कमी भरून चालत नाही. म्हणून सगळे थोडं जास्तच भरतात. पाऊचमागे दोन ग्रॅम जास्त गेले, तर मिनिटाला ४० पाऊच या वेगानं आठ तासांत ३८ किलो रवा फुकट जातो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. रवा दमट होतो, हॉपरच्या तोंडाशी कमान धरतो, खाली कप अर्धे राहतात. हॉपर ठोकला तर कमान मोडते, पण माल दबून पुढचे पाऊच जड भरतात. दोन तबकड्यांच्या फटीत कण शिरतात, घासतात, फट वाढत जाते. प्रत्येक पाऊच स्वतः तोलणारी नवी यंत्रं आहेत, पण ती छोट्या गाळ्याला परवडत नाहीत. कप कातून देणारी लेथची दुकानं वसाहतीतून कमी होत आहेत, त्यांच्या जागी आयटीच्या इमारती उभ्या आहेत.

या ऑपरेटरांच्या हाताखाली सध्या कोणी नाही. दमट रव्याची सेटिंग वहीत उतरवता येत नाही, कारण पुढच्या लॉटला ती बदलते. ते निवृत्त होण्याआधी मालकांनी निदान एक पावसाळाभर एखादा मुलगा त्यांच्या शेजारी उभा करायलाच हवा.