‘पाळी आली असेल’ म्हणण्याआधी

बैठकीत एखाद्या कार्यकर्तीने आवाज चढवून प्रश्न विचारला, की मागून कुणीतरी पुटपुटते, “पाळी आली असेल.” मांजरीत युवतींसोबत काम करताना ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. म्हणूनच पाळी, स्वभाव आणि भावना यांचे नाते नीट समजून घेऊ या.

मासिक चक्राच्या पहिल्या टप्प्यात इस्ट्रोजेन वाढते. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि पाळीच्या तोंडावर दोन्ही घसरतात. ही संप्रेरके रक्तातून मेंदूतही पोहोचतात. भीती किंवा धोक्याची चाहूल घेणाऱ्या ‘अमिग्डाला’ या भागावरही त्यांचा परिणाम होतो. पण तो सगळ्यांवर सारखा होत नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेतील पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाळीपूर्व तीव्र त्रास असलेल्या स्त्रियांची ही संप्रेरके औषधाने थांबवली, तेव्हा अनेकींचा त्रास कमी झाला. संप्रेरके पुन्हा देताच त्यांचा त्रास परतला. असा त्रास नसलेल्या स्त्रियांना तीच संप्रेरके दिली, तरी त्यांची मनःस्थिती बिघडली नाही. म्हणजे संप्रेरके तीच, प्रतिसाद मात्र वेगळा.

इथे स्वभावही येतो. चटकन काळजीत पडणाऱ्या, ताण मनाला लावून घेणाऱ्या स्त्रियांना पाळीपूर्व त्रास अधिक जाणवतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हा त्यांचा दोष नव्हे. अपुरी झोप, घरातले ताण यांनी त्यात भर पडते.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायला हव्यात. पहिली, पाळीआधी राग तीव्र झाला म्हणून रागाचे कारण खोटे ठरत नाही. महिलांना निर्णयात का घेतले नाही, असे ती विचारत असेल, तर तारखा मोजू नका, उत्तर द्या.

दुसरी, दर महिन्याला शिक्षण, काम, नाती कोलमडत असतील, तर तो ‘पीएमडीडी’ हा विकार असू शकतो. २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या मानसिक विकारांच्या सूचीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यावर उपचार आहेत. किमान दोन महिने मनःस्थिती आणि पाळीच्या तारखा वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र थांबू नका. शासनाच्या टेलि-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन करा. हा क्रमांक आपल्या गटातल्या प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये असू द्या.