वचन आणि वहिवाट

वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चला आता छप्पर नाही, पण फरशीतल्या थडग्यांवरची अक्षरं अजून दिसतात. ती वाचायला पोर्तुगीज यावं लागतं. 1534 ते 1739 अशी 205 वर्षं या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. मिस्सा लॅटिनमध्ये, कारभार पोर्तुगीजमध्ये, आणि निर्मळ-नंदाखालच्या सामवेदी शेतकऱ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळ्याच्या हाती त्याच्या भाषेतलं बायबल नव्हतंच. शास्त्रवचन मोठं की माणसांनी घालून दिलेली परंपरा, हा वाद ख्रिस्ती जगात सगळीकडे झाला. वसईपुरती त्यात एक मेख आहे: इथं वहिवाट आधी रुजली आणि वचन फार उशिरा आलं.

वाद मुळात येशूनेच उकरून काढलेला. मार्कच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय पाहा. शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परुशी तक्रार करतात, तेव्हा तो उलट त्यांनाच धरतो. आईबापांना सांभाळायचा पैसा ‘देवाला वाहिला’ म्हणून बाजूला काढायचा, म्हणजे धर्मही झाला आणि म्हाताऱ्यांची जबाबदारीही टळली, ही त्यांची सोय तो उघडी पाडतो. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्याचा राग हात धुण्यावर नव्हता. रीत पुढे करून देवाची आज्ञा गुंडाळून ठेवण्यावर होता. आणि बायबलातच, थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल तोंडी मिळालेली शिकवणही घट्ट धरून ठेवायला सांगतो. ‘फक्त शास्त्र’ म्हणणाऱ्यांना हे दुसरं वचन सहसा आठवत नाही.

ल्यूथरच्या बंडानंतर 1546 मध्ये त्रेंतच्या धर्मसभेने शास्त्र आणि परंपरा दोन्हींना सारखाच मान ठरवून दिला. 1564 मध्ये लोकभाषेतलं बायबल वाचायला बिशपची परवानगी आवश्यक झाली. वसई तेव्हा पोर्तुगीजांची होती, त्यामुळे युरोपातल्या त्या भांडणाचा दंड इथल्या माणसाने भरला. तशातही वाट काढणारा एक भेटला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात मराठी शिकला आणि त्याने जुना व नवा करार ओव्यांत सांगितला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. 1654 नंतर ते पुन्हा छापलं गेलं थेट 1907 मध्ये, मंगळुरात.

चर्चची सत्ता मात्र वेगळ्याच परंपरांमागे लागली होती. गोव्याच्या इन्क्विझिशनचा हात वसईपर्यंत पोचत असे. त्या इन्क्विझिशनने 1736 मध्ये काढलेल्या फर्मानात नव्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नातली गाणी, पानसुपारी, हळद, पोशाख अशा कितीतरी गोष्टींवर बंदी घातली. या बंदीला शास्त्राचा आधार कोणता? पवित्र शास्त्रात हळदीला मनाई नाही. पोर्तुगीजांनी आपली वहिवाट वचनाच्या नावाखाली आमच्या वहिवाटीवर लादली, असंच म्हणावं लागतं. तीनच वर्षांत चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई घेतली आणि फर्मानं काढणारे गेले. आज ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाआधी उंबराचं पाणी वाजतगाजत आणतात, आणि फादरही कौतुकाने बघतात.

1739 नंतरचा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. युरोपीय मिशनरी निघून गेले, अनेक चर्चेस ओस पडली. उरलं ते मोजक्या देशी धर्मगुरूंनी आणि घरच्या बायकांनी सांभाळलं. संध्याकाळची रोझरी, नाक्यावरचा सांतक्रूस, सणाची मिस्सा, मुलाच्या कपाळावर काढलेली क्रूसाची खूण एवढ्यावर विश्वास टिकला. हातात पुस्तक नसलेल्या समाजाला ‘परंपरा सोडा, शास्त्र धरा’ असं आज मागे वळून सांगणं सोपं आहे. धरायचं काय होतं? परंपरेने तेव्हा ख्रिस्ताला पाठ दाखवली नाही, त्याला सांभाळलं. तिचं हे ऋण मान्य करूनच पुढचं बोलावं.

मराठीत छापील बायबल आलं ते प्रॉटेस्टंटांकडून. सेरामपूरला विल्यम कॅरीने 1811 मध्ये नवा करार काढला, मुंबईत अमेरिकन मराठी मिशन 1813 पासून कामाला लागलं, आणि 1847 पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत झालं. वसईच्या कॅथलिक घरांत त्यातलं फारसं पोचलं नाही. पण त्या परंपरेतून एक बाई उभी राहिली, जिने हा प्रश्न कुणाही पुरुष धर्मपंडितापेक्षा धारदार केला. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रवाद सुरू झाला. चर्चची मतं बायबलात जशी सापडतात तशी मी मानीन, धर्मगुरू सांगतात म्हणून नाही, हा त्यांचा पवित्रा. अथेनेशियन क्रीड हा चर्चचा जुना विश्वासनामा त्यांनी पत्करला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं हवीत असा आग्रह झाला, तर लॅटिन संस्कृतापेक्षा पवित्र कशी, असं त्यांनी विचारलं. मौज अशी की याच रमाबाई शाकाहार सोडायला तयार नव्हत्या, आणि सिस्टरना त्यात ब्राह्मणी अभिमान दिसत होता. मला त्यात विसंगती दिसत नाही. कुठली रीत सद्सद्विवेकाला बांधते आणि कुठली नुसती ताटापुरती आहे, हे त्यांना नेमकं कळत होतं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवलं. 1922 मध्ये त्या गेल्या, पुस्तक 1924 मध्ये बाहेर आलं.

कॅथलिक बाजूला दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. 18 नोव्हेंबर 1965 च्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजाने शास्त्र आणि परंपरा यांचं नातं तोडलं नाही, पण चर्चचा शिकवण्याचा अधिकार वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे असं स्पष्ट म्हटलं, आणि सामान्य माणसाला शास्त्र सहज मिळालं पाहिजे असंही. मिस्सा मराठीत झाली. वसईच्या मातीत या बदलाला सर्वांत मोठं फळ आलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या रूपाने. 1942 मध्ये नंदाखालला जन्मलेल्या या धर्मगुरूने 1983 ते 2007 ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला, आणि ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं. त्याला साहित्य अकादमीचा 2013 चा अनुवाद पुरस्कार मिळाला. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणारे दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले. किल्ल्यातल्या लॅटिनपासून त्यांच्या मराठीपर्यंत यायला साडेचारशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आता पुस्तक घराघरांत आहे, तेव्हा भांडणही घराघरांत आहे. नालासोपारा-विरारच्या चाळींत, दुकानांच्या गाळ्यांत स्वतंत्र मंडळ्यांच्या रविवारच्या सभा भरतात. तिथं जाऊन आलेला तरुण घरी विचारतो की मूर्ती कशाला, मरियेची नोव्हेना कशाला, बाळाचा बाप्तिस्मा कुठल्या अध्यायात आहे? प्रश्न रास्त आहेत आणि ‘आपल्यात असंच चालतं’ हे त्यांचं उत्तर नव्हे. पण त्याच तरुणाने आपल्या मंडळीलाही हेच विचारावं. दशमांशाची सक्ती, पास्टरच्या शब्दाला आलेलं वजन, आजार न हटल्यास रुग्णाच्या विश्वासाला लावलेला बोल, हे सगळं कुठल्या अध्यायात आहे? ‘फक्त शास्त्र’ म्हणणाऱ्यांची वहिवाट काही वर्षांतच तयार होते, आणि नवी असल्यामुळे ती कुणाला दिसत नाही.

वसईत खरी तपासणी व्हायला हवी ती मात्र हळदीची नाही, नोव्हेनाचीही नाही. ती आपल्या सोयरिकीची. बाप्तिस्मा घेऊन पाच शतकं होत आली, तरी सामवेदी, वाडवळ, कोळी ही कुंपणं चर्चच्या बाकापर्यंत आली. गेल्या पिढ्यांत लग्नं जातीतच जुळत, आजही जातीबाहेरच्या स्थळाचं नाव निघालं की आवाज खाली येतो. ख्रिस्तात यहुदी-ग्रीक भेद उरला नाही असं पौल गलतीकरांना बजावतो. हे वचन आपल्याला पाठ आहे. मार्कच्या सातव्या अध्यायातली परुश्यांची सोय आपल्याकडे याच ठिकाणी बसली आहे, आणि तिच्यावर कुठल्याही फर्मानाने कधी बंदी घातली नाही.

धर्मग्रामांत बायबल वाचनाची मंडळं आहेत. या नाताळाआधी त्यांनी तो सातवा अध्याय घ्यावा, आणि त्या बैठकीला कोळीवाड्यातले, वाडवळ आळीतले आणि सामवेदी गावातले लोक मुद्दाम एकत्र बोलवावेत. आधी फादरांनी बोलू नये, लोकांना बोलू द्यावं.