ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो? माईकला दोष देऊ नका

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे तिथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. ६० युनिट पूर्ण केले की असोसिएट डिग्री, आणि पुढे थेट विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथल्या रहिवाशांना एका युनिटची फी ४६ डॉलर. (बाहेरून येणाऱ्यांना बरीच जास्त, लगेच पासपोर्ट शोधू नका!)

मागे तिला बातमीचा व्हिडिओ करायचा होता. महागडा कॅमेरा नाही, म्हणून संध्याकाळी एका दुकानदाराचा दहा मिनिटांचा इंटरव्ह्यू फोनवरच घेतला. फोनवर एकदम झकास. लॅपटॉपवर एडिटिंगला घेतला तर सुरुवात ठीक, पण शेवटाकडे माणूस तोंड मिटतोय आणि आवाज नंतर येतोय. बाराच्या आत सबमिशन. तिथे रात्रीचे साडेदहा, इथे सकाळचे अकरा. फोन आला, "दादा, माझा माईक गेला का रे?"

माईक ठणठणीत होता. गडबड फ्रेम रेटची.

आपण ३० एफपीएस निवडतो, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. पण उजेड कमी पडला की फोन एकेका चित्राला जास्त वेळ देतो आणि संख्या गुपचूप घटते. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. आवाज मात्र ठरलेल्या वेगानेच रेकॉर्ड होत राहतो. फोनचा प्लेअर प्रत्येक फ्रेमवरची वेळ बघून ती दाखवतो, म्हणून तिथे काही कळत नाही. काही एडिटर मात्र सरसकट ३० धरून चालतात. समजा, सरासरी २९.८ फ्रेम पडल्या. दहा मिनिटांत झाल्या १७,८८०. त्या ३० च्या वेगाने पळवल्या की चित्र ५९६ सेकंदांत संपतं, आवाज पूर्ण ६०० सेकंद. शेवटी चार सेकंदांचा फरक!

ती आवाज कापून कापून जुळवत बसली होती. असं करू नका, एक जागा जुळते आणि पुढची बिघडते. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, क्लिप टाका, व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ३० करा आणि 'कॉन्स्टंट' निवडा. बऱ्याच प्रीसेटमध्ये तिथे 'पीक' आधीच निवडलेलं असतं, ते बदलायला विसरू नका, नाहीतर मेहनत पाण्यात. मग तयार झालेली नवी फाईल एडिटरमध्ये घ्या.

शूटिंगआधी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'ऑटो एफपीएस' बंद करून ठेवा. काही अँड्रॉइड फोनमध्येही तो पर्याय असतो. आणि दिवा माणसाच्या तोंडावर येईल असं बसवा, फुकटात होणारं काम आहे.

तिचा व्हिडिओ पावणेबाराला अपलोड झाला. दुकानदाराच्या नावाचं स्पेलिंग मात्र चुकलं, त्याचे मार्क गेले. त्यावर माझ्याकडे सेटिंग नाही.