संमतिवय समिती (जोशी समिती)

शरीरसंबंधास संमती देण्याच्या स्त्रीच्या किमान वयाविषयीचा कायदा तपासण्यासाठी हिंदुस्थान सरकारने जून १९२८ मध्ये नेमलेली समिती. अमरावतीचे वकील व वऱ्हाडातील नेमस्त पुढारी सर मोरोपंत विश्वनाथ जोशी हे तिचे अध्यक्ष असल्याने ती जोशी समिती या नावानेही ओळखली जाते. सदस्यांत रामेश्वरी नेहरू आणि डॉ. बीडन या दोन स्त्रियांचा समावेश होता.

भारतीय दंड संहितेने १८६० मध्ये हे वय १० ठरविले. कलकत्त्यातील फुलमणी दासी या बालवधूच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये ते १२ करण्यात आले. प्रथम ऋतुदर्शनानंतर गर्भाधानसंस्कार झालाच पाहिजे, या धर्मसमजुतीवर हा घाला आहे, असा आक्षेप तेव्हा घेण्यात आला. महाराष्ट्रात टिळकांनी सरकारी हस्तक्षेपास विरोध केला, तर आगरकरांनी कायद्याचा पाठपुरावा केला. १९२५ मध्ये विवाहसंबंधात १३ व विवाहबाह्य संबंधात १४ अशी दोन वये आली. ती आणखी वाढविण्यासाठी मध्य प्रांतातील हरिसिंग गौर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले आणि त्यातूनच समितीचा जन्म झाला.

समितीने प्रश्नावली पाठवून मते मागविली व प्रांतोप्रांती फिरून शेकडो साक्षी नोंदविल्या. या साक्षींचेच नऊ खंड भरले. शयनगृहातील व्यवहाराविषयी डॉक्टर, वकील, शास्त्री, मौलवी व गृहिणी यांनी सरकारी समितीपुढे उघडपणे बोलावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अकाली मातृत्वाने होणारी शरीरहानी व बाळंतपणातील मृत्यू यांचा पुरावा समितीस निर्णायक वाटला. संमतिवयाचा कायदा बहुतेकांस ठाऊकच नाही आणि ठाऊक असला तरी पतीविरुद्ध फिर्याद करणार कोण, हेही तिला दिसून आले. म्हणून १९२९ च्या अहवालात तिने मूळ कारणावरच बोट ठेवले : मुलीचा विवाह १४ वर्षांपूर्वी होऊ नये. विवाहसंबंधात संमतिवय १५ व विवाहबाह्य संबंधात १८ असावे. जन्म व विवाह यांची नोंदणी व्हावी, अशाही शिफारशी तिने केल्या. पतीच्या गुन्ह्यास मात्र बलात्कार न म्हणता ‘वैवाहिक दुर्वर्तन’ म्हणावे, असे तिने सुचविले. हा शब्दच्छल नव्हता. विवाहाने पतीस अमर्याद अधिकार मिळत नाही, हे मान्य करूनही त्याचे कृत्य परक्या पुरुषाच्या कृत्याच्या पंक्तीस बसविण्यास समिती धजली नाही.

ब्रिटनमधील क्वेकर पंथीयांच्या एका गटाने १९६३ मध्ये लैंगिकतेविषयी निबंध प्रसिद्ध केला. संबंधाची नीतिमत्ता त्याच्या बाह्य रूपावरून ठरत नाही, परस्परांशी होणाऱ्या वर्तनावरून ठरते, असा त्याचा रोख होता. जोशी समितीपुढचा प्रश्न फारसा वेगळा नव्हता. परंतु तिला उत्तर कायद्याच्या कलमांत द्यावयाचे होते.

अहवालासाठी थांबवून ठेवलेले हरबिलास सारडा यांचे विधेयक १९२९ मध्येच संमत झाले व १ एप्रिल १९३० पासून अंमलात आले. मुलीचे वय १४ व मुलाचे १८ ठरले. तथापि बालविवाह रद्दबातल नव्हे, केवळ दंडनीय झाला. फिर्याद वर्षभरातच करावी लागे व फिर्यादीकडून शंभर रुपयांपर्यंतचे तारणही घेतले जाई. अंमलापूर्वी लग्नांची एकच घाई उडाली व १९३१ च्या जनगणनेत बालविवाहितांची संख्या वाढलेली दिसली. संस्थानी हद्दीत जाऊन लग्न उरकण्याची पळवाटही होती. सध्याचा वाशिम जिल्हा (स्थापना १९९८) तेव्हा वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात होता. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, कारभार इंग्रजांचा. आणि पैनगंगा ओलांडली की प्रत्यक्ष निजामी अंमल. अशा सीमाभागात कायद्याची धार बोथट होणे सहज शक्य होते.

विवाहसंबंधातील संमतिवय १५ व्हावे, ही शिफारस १९४९ मध्ये अंमलात आली. मुलींचे विवाहवय १९७८ च्या दुरुस्तीने १८ झाले, तरी संमतिवयाचा १५ चा आकडा तसाच राहिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो १८ असा वाचावा असा निर्णय दिला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच स्वीकारला गेला. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत मात्र पतीस मिळणारा १८६० चा अपवाद या संहितेतही कायम आहे.